आधी पत्ता, मग नाव



आमच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीशेजारच्या कपाटात एक बाटली होती. तिच्यात फॉर्मॅलिनमध्ये बुडालेलं, भिजून फुगलेल्या बेदाण्याएवढं, मळकट पांढरं काहीतरी होतं. चिठ्ठीवर एका समुद्री गोगलगायीचं लांबलचक लॅटिन नाव आणि खाली 'रत्नागिरी'. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या सरांनी ती बाटली माझ्यासमोर ठेवली. मी चिठ्ठी वाचून बिनचूक नाव लिहिलं. सरांनी बाटली फिरवून चिठ्ठीची बाजू भिंतीकडे केली आणि म्हणाले, "आता ओळख."

त्या परीक्षेत मला किती गुण पडले ते सरांच्या घरच्यांसमोर सांगत नाही. पण आज सरांच्या नावाच्या व्याख्यानासाठी विषय निवडताना ती बाटलीच आठवली. उष्ण समुद्रातल्या प्रवाळखडकांवर बुडी मारली की जे बोटाच्या पेरापेक्षा लहान, विचित्र जीव दिसतात, ते ओळखायचे कसे, याबद्दल मी बोलणार आहे. पुण्यात समुद्र नाही हे मला माहीत आहे. पण पोहायला मी टिळक तलावात शिकलो, आणि पुण्याहून निघून गगनबावड्याचा घाट उतरून मालवणला जाणाऱ्या गाड्या दर शनिवारी किती असतात ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. त्यातले बरेच जण तिथे पाण्याखालीही जाऊन येतात.

काय बघून येतात? मासे. प्रशिक्षकाने पाठीमागून धरलेलं असतं, समोर कुणीतरी पावाचे तुकडे सोडतं, त्यावर पट्ट्यापट्ट्यांच्या माशांची झुंबड उडते, तिचं चित्रीकरण होतं आणि वीस मिनिटांत माणूस वर. या पावाबद्दल माझं मत वाईट आहे. माशाच्या पोटाला मैद्याची सवय नाही हे एक. दुसरं असं, की पाव टाकला की सगळ्यांची नजर पाण्याच्या मधोमध खिळते, आणि बघण्यासारखं जे असतं ते खडकाला चिकटलेलं असतं.

मालवणचा तो खडक साधा नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला, सुमारे २९ चौरस किलोमीटरचा. त्याच्याही आधी, १९७९ साली, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या कासीम आणि वाफर या दोघांनी पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच ठिकाणी जिवंत प्रवाळ असल्याची नोंद केली. मालवण त्यातलंच एक. लक्षद्वीपसारखं निळंशार काचेचं पाणी इथे मिळत नाही. चांगल्या दिवशी पाच-सहा मीटरपर्यंतचं दिसतं, वाईट दिवशी स्वतःचा हात पुसट होतो. हिवाळ्यात सरगॅसम या तपकिरी शेवाळाचं रान माजतं. पण लहान जीव बघणाऱ्याला गढूळ पाण्याचं फारसं दुःख नसतं. त्याला लागतो फक्त एक हातभर खडक.

पाण्यात उतरल्यावर पहिली ओळख कानाने होते. मोहरी तडतडावी तसा सतत आवाज येत राहतो. ती पिस्तूल-कोळंबी. एक पंजा अवाढव्य, तो इतक्या वेगाने मिटते की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि आवाज होतो तो पंजे आपटल्याचा नसून तो बुडबुडा फुटल्याचा. हे २००० साली वेगवान कॅमेऱ्याने सिद्ध झालं. हिच्यातल्या काही जाती वाळूत बीळ खणतात आणि दाराशी एक गोबी मासा राखणीला असतो. कोळंबीला नीट दिसत नाही, म्हणून बाहेर येताना तिची एक मिशी माशाच्या अंगाला टेकलेली असते. माशाने शेपूट हलवली की दोघंही आत. तेव्हा गोबी दिसला तर थांबायचं. दोन-तीन मिनिटांनी कोळंबी वाळूचा ढिगारा ढकलत दारात येते.

ही थांबण्याची गोष्ट सरांनी शिकवली, पण त्यांच्या पद्धतीने. त्यांना पोहता येत नव्हतं. माझ्या पहिल्या बुड्यांची चित्रं घेऊन मी त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते चित्रातल्या प्राण्याकडे बघेचनात. "हे कशावर बसलंय?" एवढंच विचारायचे. मला सांगता यायचं नाही. मी प्राणी इतका जवळून टिपलेला असायचा की त्याच्या बुडाखाली काय आहे ते चौकटीबाहेर गेलेलं. "पत्ता नाही तर टपाल कुठे टाकू?" असं म्हणून त्यांनी चित्रांचा पहिला गठ्ठा परत केला.

पत्ता म्हणजे खोली, तळ आणि मुख्य म्हणजे जेवण. समुद्री गोगलगायी, ज्यांना न्यूडिब्रँक म्हणतात, त्यांच्या जगात ३,००० हून अधिक जाती आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच जणी जेवणाच्या बाबतीत आपल्याकडच्या सोवळ्यातल्या आजीपेक्षा कडक. कुणी एकाच प्रकारचा स्पंज खाते, कुणी फक्त हायड्रॉइड, म्हणजे पिसासारखे दिसणारे, हाताला झोंबणारे झुपके. कुणी दुसऱ्या गोगलगायींची अंडी खाते. पाठीवर बोटांसारखे झुलणारे उंचवटे असलेल्या गोगलगायी हायड्रॉइड खातात तेव्हा त्यांच्या नांग्या, म्हणजे डंख मारणाऱ्या सूक्ष्म कुप्या, न फुटू देता गिळतात, त्या बोटांच्या टोकांशी साठवतात आणि स्वतःच्या संरक्षणाला वापरतात. आयती शस्त्रं. तेव्हा हायड्रॉइडचा झुपका दिसला की त्याच्या देठाजवळ बघायचं. ताट कळलं की जेवणारा सापडतो.

अंडीही पत्ता सांगतात. गोगलगाय तीन-चार मिलिमीटरची असते, पण तिने घातलेली अंड्यांची फीत चकलीसारखी गोल गोल वळलेली, पांढरी किंवा केशरी, लांबून दिसते. मालवणला मला ज्या गोगलगायी सापडल्या त्यातल्या निम्म्याअधिक आधी चकली दिसली म्हणून सापडल्या. मोठ्या 'स्पॅनिश डान्सर' गोगलगायीची फीत तर लाल गुलाबासारखी असते, आणि तिच्या स्वतःच्या अंगावर, कल्ल्यांच्या फुलाजवळ, एक चिमुकली कोळंबी पाहुणी म्हणून राहते. एकीचा पत्ता लागला की दुसरीचा फुकट.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण आपल्या समुद्रातलं नाही. १९६९ साली न्यू कॅलेडोनियात नूमेआच्या मत्स्यालयासाठी जीव गोळा करणारे जॉर्ज बार्जिबान समुद्रपंख्याची एक फांदी टेबलावर तपासत होते. समुद्रपंखा म्हणजे जाळीदार पंख्यासारखा वाढणारा प्रवाळांचा नातेवाईक. त्या फांदीवरचे दोन फुगवटे त्यांना डोळे असलेले वाटले. ते दोन सेंटिमीटरचे समुद्रघोडे होते, अंगावरचे गुलाबी उंचवटे हुबेहूब त्या पंख्याच्या कळ्यांसारखे. पुढच्या वर्षी त्या जातीला बार्जिबान यांचंच नाव मिळालं. पाण्याखाली त्या पंख्यांसमोरून किती डोळे आधी गेले असतील! पंखा टेबलावर आला, कुणीतरी पंखाच बघत बसलं, आणि घोडा दिसला.

आता रंग. लहान जीव ओळखण्यात सगळ्यात जास्त फसवणूक रंगच करतो. पाणी तांबडा प्रकाश आधी शोषून घेतं. सात-आठ मीटरवर लाल गोष्ट तपकिरी दिसते, आणखी खाली काळपट. टॉर्च लावला की तीच एकदम लाल होते. पुस्तकातल्या चित्रात जो लाल दिसतो तो फ्लॅशचा लाल आहे. तुम्ही टॉर्चशिवाय बघितलेला जीव पुस्तकात शोधलात तर भलत्याच पानावर पोहोचाल. भर म्हणून मुखवट्याच्या काचेतून सगळं एक तृतीयांशाने मोठं दिसतं. नवे बुडीबहाद्दर परत येऊन बोटभर म्हणतात तेव्हा मी मनात पाऊण बोट लिहितो.

हा रंगाचा गोंधळ टेबलावर गेल्यावर उलटा होतो. बाटलीत रंग राहतच नाही, म्हणून माझी ती रत्नागिरीची गोगलगाय पांढरी. आणि इथे मला एका माणसाबद्दल जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण त्याचा आपल्या मुलखाशी संबंध आहे.

वॉल्टर एलियट हा कंपनी सरकारचा तरुण अधिकारी धारवाडकडे नेमणुकीला होता. १८२४ साली कित्तूरच्या राणी चन्नम्मांच्या फौजेशी झालेल्या लढाईत कलेक्टर थॅकरे मारला गेला आणि एलियट कैदी झाला. सुटला, तिकडेच राहिला, आणि बंदुकीबरोबर वही बाळगायला लागला. १८३९ साली त्याने दक्षिण मराठा मुलखातल्या सस्तन प्राण्यांची यादी छापली. जुन्या नैसर्गिक इतिहासात त्या यादीला आजही मान आहे. पुढे मद्रास इलाख्यात मोठ्या हुद्द्यावर असताना विशाखापट्टणमजवळ वॉल्टेअरच्या किनाऱ्यावर तो समुद्री गोगलगायी गोळा करू लागला. त्याला कळलं होतं की दारूत टाकलं की या जिवांचं रूप जातं. म्हणून जिवंत असतानाच त्यांची रंगीत चित्रं करवून घेतली, आणि चित्रं व नमुने दोन्ही इंग्लंडला न्यूकॅसलला पाठवले. तिथे जोशुआ ऑल्डर आणि अल्बनी हँकॉक यांनी, भारताचा किनारा कधीही न बघता, त्यांवरून १८६४ साली निबंध लिहिला. बहुतेक जाती विज्ञानाला नव्या होत्या. त्यातल्या एकीचं नाव त्यांनी ठेवलं कलिंगा. लॅटिनच्या गर्दीत हे नाव पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला परदेशी स्टेशनवर मराठी ऐकू आल्यासारखं झालं होतं. ही कलिंगा तारामाशांच्या सडपातळ भावंडांवर, ब्रिटल स्टारवर जगते.

मग काय झालं? जवळपास चाळीस वर्षं काहीच नाही. १९०६ साली चार्ल्स इलियट या राजनैतिक अधिकाऱ्याने (आडनाव तसंच ऐकू येतं, पण घराणं वेगळं) न्यूकॅसलच्या संग्रहालयात जाऊन ते जुने नमुने आणि सिलोनच्या केलार्ट या डॉक्टरने केलेली चित्रं पुन्हा तपासली, आणि कोणतं नाव कशाचं, हे सोडवलं. नमुने पांढरे पडलेले होते. चित्रं बोलत होती. आज पाण्याखाली कॅमेरा नेणाऱ्या प्रत्येकाचा पूर्वज कुणी असेल, तर वॉल्टेअरच्या किनाऱ्यावर ओहोटीत बसून, जीव मरायच्या आत ब्रश चालवणारा तो चित्रकार. त्याचं नाव त्या निबंधाच्या शीर्षकात नाही.

आपल्याकडे या विषयाला पुन्हा जोर आला तो अलीकडे. तेव्हा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत असलेल्या दीपक आपटे यांनी २००९ साली लक्षद्वीपच्या गोगलगायींवर जो लेख छापला त्यात लक्षद्वीपसाठी ५२ आणि भारतासाठी ४० नव्या नोंदी होत्या. भारतासाठी नव्या म्हणजे जगासाठी नव्या नव्हेत. त्या जीवांना आपण नवे होतो. मुंबईत २०१७ पासून 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी हाजी अली आणि कार्टर रोडच्या खडकांवर ओहोटीत लोकांना घेऊन जातात, आणि ज्या पाण्याकडे मुंबईकर नाक धरून बघतो त्यातून गोगलगायी, समुद्रफुलं, प्रवाळ दाखवतात. बुडी मारायलाही लागत नाही. आणि आपल्या आकुर्डीला भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचं पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्याच्या नावावर आहे. त्या अंगणावरून आपण रोज कामाला जातो.

आता माझी एक चूक सांगतो. ती अंदमानातली, स्वराज द्वीपची. पहिल्या वर्षात मी एक नियम पाठ केला होता: पाठीवर मागच्या बाजूला कल्ल्यांचं फूल असलं तर गोगलगाय, नसलं तर चपटकृमी. चपटकृमीही रंगीत, झालरदार, गोगलगायीसारखेच असतात. तिथे काळ्या-निळ्या पट्ट्यांवर पिवळे फोड असलेला एक जीव दिसला. फूल नव्हतं. मी ठणकावून चपटकृमी लिहिलं. सरांनी चित्र हातात घेतलं, भिंग काढलं आणि म्हणाले, "शिंगं मोजलीस?" पुढच्या बाजूला दोन पिवळी, गदेसारखी शिंगं खळग्यांतून बाहेर आलेली होती. ती फायलिडिया होती, पक्की गोगलगाय. तिचे कल्ले पाठीवर नसून झालरीच्या खाली लपलेले असतात. ती स्पंजातून विष घेते, म्हणून मासे तिच्या वाटेला जात नाहीत. आणि तिचे कपडे इतके उपयोगी, की चपटकृमींनी ते उचललेत, आणि एका जातीच्या समुद्रकाकडीनेसुद्धा, पण फक्त लहान असताना. मोठी झाली की ती भुरकट होते आणि ते सोंग सोडते. तीन घराण्यांतले तीन जीव, एकच पोशाख. कागदासारखं पातळ, कडा लहरणारं आणि भराभर सरकणारं ते चपटकृमी. घट्ट, खरबरीत, शिंगं असलेली ती गोगलगाय. पोटाखाली नळीसारखे इवलेसे पाय रांगेने असलेली ती समुद्रकाकडी. पोशाखावरून मी एकही ओळखलं नसतं.

रंगाची आणखी एक खोड: २०१८ साली क्रोमोडोरिस या वंशाच्या गोगलगायींचा जनुकीय अभ्यास झाला, आणि एकाच जातीत वेगवेगळी नक्षी व वेगवेगळ्या जातींत एकच नक्षी, असं दोन्ही निघालं. म्हणजे पुस्तकातल्या चित्राशी पट्टे जुळले, तरी ओळख पटली असं नाही. तेव्हापासून मी माझ्या वहीत बऱ्याच नावांपुढची दुसरी पदं खोडून टाकली. वंशाचं नाव, पुढे रिकामी जागा. सरांना ही वही फार आवडली असती; ते गेले त्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती.

खेकड्यांना मात्र पाय मोजायचे. खऱ्या खेकड्याला पंज्यांमागे चालायच्या पायांच्या चार जोड्या दिसतात. समुद्रफुलावर बसून तोंडाजवळच्या पंख्यासारख्या अवयवांनी पाणी गाळणारा, चिनी मातीच्या बशीसारखा गुळगुळीत जीव खेकडा वाटतो, पण त्याच्या जोड्या तीनच दिसतात. चौथी इवलीशी, आत मुडपलेली. तो खेकड्यांचा दूरचा भाऊ. कुर्ली खाणाऱ्या घरात वाढलेल्या मुलाला हे एका मिनिटात कळतं. प्राणिशास्त्राच्या पदवीधरावर मी अर्धा तास खर्च केला आहे.

नावांबद्दल मालवणच्या एका होडीवाल्या काकांशी झालेलं बोलणं सांगतो. शेवंड, माकुल, केंड, कालवं, तिसऱ्या, समुद्रातल्या खाण्याच्या, विकण्याच्या किंवा हाताला चावण्याच्या प्रत्येक गोष्टीला त्यांच्याकडे नाव होतं, आणि एकेका माशाला वयानुसार वेगळं. मी गोगलगायीचं चित्र दाखवलं आणि विचारलं, हिला काय म्हणता? ते म्हणाले, "जां खाणत नाय, तेका नाव कित्याक होया?" मी यावर बरीच वर्षं मनात वाद घातला. शेवटी काका बरोबर आहेत असंच वाटतं. मराठीत या जिवांना नावं नाहीत म्हणून अनेकजण हळहळतात आणि बसल्या जागी समित्या करून नावं पाडतात: 'नीलपृष्ठा', 'रत्नशृंगी'. अशी नावं कुणाच्या तोंडी बसत नाहीत. बघणारे वाढले की नावं आपोआप पडतील, आणि ती चकली, बेदाणा, टोपी अशीच पडतील.

काकांनी मला दुसरी एक गोष्ट दिली, जी कुठल्याही पुस्तकापेक्षा उपयोगी पडली. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. पौर्णिमेला पंधराची सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी खूप मागे जातं, तेव्हा खडकांवर चालत बघायचं. बुडी मारायची असेल तर अष्टमीच्या आसपास, भांगाला. पाणी कमी हलतं, गाळ कमी उठतो. पुण्यातून निघताना लोक हवामानाचा अंदाज बघतात. मी भिंतीवरची दिनदर्शिका बघतो.

एक तक्रार करून पुढे जातो. चित्र चांगलं यावं म्हणून जिवाला काडीने सरळ करणं, उचलून मोकळ्या वाळूवर ठेवणं, हे आता सर्रास चालतं, आणि त्या चित्रांना बक्षिसंही मिळतात. समुद्रघोडे २००१ साली वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आले, प्रवाळ आणि समुद्रपंखेही संरक्षित. पण कायदा बाजूला ठेवू. वाळूवर ठेवलेल्या गोगलगायीचं चित्र म्हणजे पत्ता फाडून टाकलेलं पाकीट. मला अशी चित्रं ओळखीसाठी पाठवली जातात. मी ती परत करतो.

विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँक नावाचा बुडालेला पठारी प्रवाळखडक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचा. त्याचा माथाच वीस मीटर खोल. मी तिथे गेलेलो नाही आणि आता या वयात जाणार नाही. या सभागृहात मागे जी मुलं उभी आहेत त्यांच्यातलं कुणीतरी जाईल म्हणून सांगितलं.

आता पडद्यावर हे शेवटचं चित्र. मालवण, किल्ल्याच्या पश्चिमेला, खोली सहा मीटर, खडकाची सावलीतली बाजू, पिवळट स्पंज. स्पंजावर खाल्ल्याच्या खुणा आहेत, त्या डावीकडे दिसतील. जीव आठ मिलिमीटरचा, मुखवट्यातून दिसला त्याची कापाकापी करून. शिंगं दोन. कल्ल्यांचं फूल आहे, पण मिटलेलं, कारण मी फार जवळ गेलो. पोटाखालचं चित्र नाही. सात वर्षं झाली, याच्या नावाची जागा माझ्या वहीत कोरी आहे. प्रश्नोत्तरांत कुणाला सांगता आलं तर पेन्सिल बरोबर आणली आहे.

दिवे लावायला हरकत नाही.